किट स्पोर्ट्स कार घडवताना: पहिल्या रेघेपासून दुसऱ्या गाडीपर्यंत

१९५७ साली लोटस या ब्रिटिश कंपनीने ‘सेव्हन’ ही स्पोर्ट्स कार विकायला काढली, तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी-कर होता. सुट्या भागांचा संच, म्हणजे किट, घेऊन घरी जुळवली, तर तो लागत नसे. सोबत जुळणीच्या सूचना दिल्या तर सवलत जायची, म्हणून गाडी ‘उघडायच्या’ सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटापासून वाचत गाडी जुळवली, असा एक किस्सा या धंद्यात अजून रंगवून सांगतात. १९७३ मध्ये खरेदी-कर जाऊन व्हॅट आला आणि किटचा हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले. करसवलत गेल्यावर किटही संपायला हवं होतं, पण केटरहॅमची सेव्हन किट म्हणून विकली जातच राहिली.

म्हणजे लोक पैसे देतात ते जुळवण्यासाठीच. किट घडवणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवली नाही, तर दोन वर्षांनी त्याच्याकडे एक देखणी, पळणारी गाडी असते आणि विकायला काहीच नसतं. मी ज्या छोट्या कार्यशाळेत हे काम केलं, तिथे आम्ही नेमकं हेच करून बसलो होतो. म्हणून खाली कामाचा जो क्रम दिला आहे, तो आम्ही केला तसा नाही. करायला हवा होता तसा आहे. नियम ब्रिटनचे धरले आहेत, कारण छोट्या किट-कारखान्यांची परंपरा सगळ्यात दाट तिथेच आहे.

कागदावर आधी नियम, मग गाडी

घरी बांधलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्त्यावर येण्याआधी ‘आयव्हीए’ ही एकेका गाडीची तपासणी पास व्हावी लागते. २००९ मध्ये तिने आधीच्या ‘एसव्हीए’ची जागा घेतली. नियमपुस्तिकेची ताजी प्रत घ्या आणि चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, पहिली रेघ ओढण्याआधी वाचा. कारण त्यातल्या बऱ्याच अटी थेट आकारावर येऊन बसतात. गाडीच्या बाहेरच्या ज्या कडेला १०० मिलिमीटर व्यासाचा चेंडू टेकू शकतो, त्या कडेची गोलाई किमान २.५ मिलिमीटर हवी. वळण घेऊन स्टीअरिंग सोडलं की ते स्वतःहून सरळीकडे यायला हवं. ब्रेक दाबल्यावर मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकता कामा नयेत. सायलेन्सरच्या आवाजाला मर्यादा आहे. सीटबेल्ट अडकवायच्या जागा कुठे आणि किती मजबूत असाव्यात, हेही ठरलेलं आहे.

हे सगळं नंतर बघू, असं म्हणणारा माणूस शेवटी प्रत्येक कडेवर रबरी पट्टी चिकटवत बसतो. तपासणीपुरती चिकटवलेली आणि घरी आल्यावर ओढून काढलेली ती पट्टी म्हणजे डिझायनरच्या आळसाची पावती. कडेची गोलाई साच्यातच घेतली तर एक पैसा जास्त लागत नाही.

डोनर गाडी

किटचं इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांना ओढ वाटून देणारा डबा), हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि स्टीअरिंग सहसा एकाच जुन्या गाडीतून येतात. ती डोनर. एकेकाळी हे काम फोर्ड एस्कॉर्टने केलं, मग फोर्ड सिएराने आणि आता बराच काळ माझदा एमएक्स-५ करते आहे. कारण साधं आहे. एमएक्स-५चा पत्रा गंजतो, पण आतली यंत्रं टिकतात. इंजिन गाडीच्या लांबीत बसवलेलं, ओढ मागच्या चाकांना आणि पहिल्या दोन पिढ्यांत चारही चाकांना दुहेरी विशबोन (चाक चासीशी जोडणारे त्रिकोणी हात), म्हणजे स्पोर्ट्स कारला जे हवं ते सगळं आयतं.

पण डोनर निवडली की तिच्या सवयीही घरात येतात. एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना एक लांब ॲल्युमिनियमची चौकट जोडते. त्यामुळे डिफरन्शियलचा पीळ तीच बराच सोसते आणि तुमच्या चासीवरचं ओझं हलकं होतं. बदल्यात इंजिन ते मागचा आस हे अंतर तुमच्या हातात राहत नाही. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २,२६५ मिलिमीटर आहे. तुमच्या गाडीचाही जवळपास तेवढाच होणार, नाहीतर ती चौकट आणि प्रॉपेलर शाफ्ट (ओढ मागे नेणारा दांडा) दोन्ही कापावे लागणार. किटमध्ये ‘इथे कापा आणि वेल्ड करा’ असं वाक्य आलं की निम्मी गिऱ्हाइकं गेली समजा.

इंजिन चालकाच्या मागे हवं असेल तर युक्ती वेगळी. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीचं इंजिन-गिअरबॉक्सचं सगळं गाठोडं उचलायचं आणि सीटच्या मागे बसवायचं. १९६७ मध्ये आलेल्या कॉक्स जीटीएमने मिनीचं गाठोडं असंच मागे नेलं होतं.

डोनर एक घेऊ नका, दोन घ्या. दोन्ही पूर्ण उघडा, प्रत्येक भाग काट्यावर ठेवून वजन लिहा आणि माउंटिंगची भोकं मोजा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत वायरिंगचे कनेक्टर, ब्रेकचा आकार, सेन्सरची जागा असं बरंच काही वेगळं निघतं. तुमचं गिऱ्हाईक तिसरीच गाडी घेऊन येणार आहे.

लाकडी सांगाडा

चासीच्या आधी प्लायवूड आणि लाकडी पट्ट्यांचा बसायचा सांगाडा करा. खरी सीट, खरे पेडल, खरं स्टीअरिंग. त्यात एक ठेंगू आणि एक धिप्पाड माणूस अर्धा-अर्धा तास बसवा. गिअरबॉक्सच्या फुगवट्यामुळे पेडल एका बाजूला सरकतात आणि पाय तिरपे पडतात. कॉम्प्युटरवर हे कळत नाही, पंधराव्या मिनिटाला कंबरेला कळतं. बूट घालूनच बसवा. ब्रेक दाबताना बुटाची कड ॲक्सिलरेटरला घासते का, ते बघा.

सस्पेन्शन: इथे घाई नको

डोनरचे हब आणि अपराइट (हबला धरणारा उभा भाग) ठेवायचे, विशबोन आपले करायचे, हा रुळलेला मार्ग. पण डोनर होती हजार किलोच्या आसपास आणि तुमची गाडी होणार सहाशेच्या. म्हणून तिच्या स्प्रिंग जशाच्या तशा चालत नाहीत.

एका चाकावर २२५ किलो स्प्रिंगवरचं वजन आहे आणि चाकापाशी मोजलेला कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे असं धरा. गाडीचा हेलकावा सेकंदाला साधारण १.५ वेळा येतो. तोच कडकपणा ठेवून वजन १२५ किलोवर आणा, तो २ वर जातो. कागदावर अर्ध्याचा फरक. खड्ड्यात मात्र मणका विचारतो की हे काय चाललंय. शिवाय विशबोनवर स्प्रिंग जिथे टेकते, तिथली तरफ मोजायला विसरू नका. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ६.५ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकापाशी स्प्रिंगच्या ताकदीचे ०.६५ गुणिले ०.६५, म्हणजे जेमतेम ४२ टक्के उरतात. नवखे लोक एकदाच गुणतात, दुसऱ्यांदा गुणायचं राहतं.

दुसरा चकवा बंप स्टीअरचा. चाक वर-खाली होताना आपोआप वळू नये, यासाठी स्टीअरिंग रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांडीच्या) आतल्या सांध्यांमधलं अंतर विशबोनच्या आतल्या खिळ्यांशी, म्हणजे विशबोन ज्यांवर फिरतात त्यांच्याशी, जुळावं लागतं. डोनरचा रॅक तिच्या रुंदीसाठी केलेला असतो, तुमचं नाक अरुंद असतं. मोजायची पद्धत अगदी घरगुती आहे. स्प्रिंग काढा, हबवर एक सपाट पत्रा बोल्टने बसवा, त्याच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं माप) टेकवा आणि जॅकने चाक दर १० मिलिमीटरला थांबत ५० वर आणि ५० खाली न्या. दोन्ही गेजमधला फरक वहीत लिहा. रॅक वर-खाली करून फरक कमी होतो, लांबी चुकली असेल तर नाही होत. मग रॅक कापून घ्यायचा किंवा विशबोनचे खिळे हलवायचे. हे चासीचं जिग (नळ्या पकडून ठेवणारी चौकट) पक्कं व्हायच्या आधी कळलं तर एका संध्याकाळचं काम, नंतर कळलं तर एका हंगामाचं.

चासी आणि तिचा पीळ

छोट्या कारखान्याला चौकोनी नळ्यांची चौकट सगळ्यात परवडते. सेव्हनच्या वळणाच्या गाड्यांत २५ मिलिमीटरची, १.६ मिलिमीटर जाडीची नळी सर्रास दिसते. दुसरे मार्गही आहेत. लोटस इलानला १९६२ मध्ये पोलादी पाठीचा कणा होता, आणि जेम मार्श व फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या मार्कोस कंपनीच्या पहिल्या गाड्यांची चासी चक्क प्लायवूडची होती. कॉस्टिन विमानाच्या कारखान्यातून आलेला, त्याला चिकटवलेल्या लाकडाची भीती नव्हती. तुम्हाला ती असू द्या, निदान पहिल्या गाडीपुरती.

जिग म्हणजे नळ्या एकाच जागी पकडून ठेवणारी जड, सपाट चौकट. तिच्यावर खर्च करताना हात आखडू नका. सगळ्या नळ्यांना आधी फक्त टाके मारा. मग वेल्डिंग डावीकडे एक, उजवीकडे एक, पुढे एक, मागे एक असं फिरत करा. एका बाजूला सलग पट्टा ओढला तर थंड होताना तो नळी आपल्याकडे ओढून घेतो, आणि जिगमधून सोडल्यावर चासी केळ्यासारखी दिसते. विशबोन बसवायचे कान सगळ्यात शेवटी, वेगळ्या जिगवर. त्यांच्यात एक मिलिमीटरहून जास्त चूक चालवून घेऊ नका.

चासी किती ताठ आहे, हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. मागचे सस्पेन्शनचे चार बिंदू जमिनीला गच्च बांधा. पुढे एक आडवी तुळई बोल्टने बसवा आणि तिच्या बरोबर मध्याखाली एक टेकू द्या, म्हणजे पुढचा भाग फक्त पिळला जाईल. मध्यापासून एक मीटरवर ६० किलो वजन टांगा; हा पीळ सुमारे ५८८ न्यूटन-मीटर होतो. आता मध्यापासून ५०० मिलिमीटरवर डायल गेज लावा. काटा २.५ मिलिमीटर सरकला तर चासी ०.२९ अंशाच्या आसपास पिळली, म्हणजे एका अंशाला साधारण २,०५० न्यूटन-मीटर. मागे बांधलेला भागही थोडा हलतो. तिथेही गेज लावा आणि तेवढं वजा करा.

आकडा एकदा मिळाला की खरी गंमत पुढे आहे. गेज पुढून मागे दर ३०० मिलिमीटरला सरकवत पीळ लिहीत जा आणि आलेख काढा. रेघ जिथे एकदम चढते तिथे चासी मऊ आहे. बहुतेक वेळा ती जागा इंजिनची खोली असते, कारण इंजिन वरून काढता यावं म्हणून तिथली तिरपी नळी आपणच गाळलेली असते. तिथे बोल्टने काढता-घालता येणारी तिरपी नळी द्या आणि पुन्हा वजन टांगा. आम्ही असं केल्यावर काट्याची सरक डोळ्यांनी दिसेल इतकी कमी झाली. त्याआधी दोन आठवडे आम्ही मागे, चुकीच्या ठिकाणी नळ्या जोडत होतो.

ब्रेक

हलक्या गाडीत व्हॅक्युम बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) बहुधा काढतात, आणि मग पेडल दगडासारखं लागतं अशी तक्रार येते. पेडलची तरफ ५ पट, पायाचा जोर ४०० न्यूटन: मास्टर सिलिंडरवर (पेडलच्या जोराने ब्रेकच्या तेलात दाब आणणाऱ्या नळकांड्यावर) २,००० न्यूटन. सिलिंडर २२.२ मिलिमीटर व्यासाचा असेल तर दाब सुमारे ५२ बार, १९ मिलिमीटरचा असेल तर ७०. बारीक सिलिंडरने दाब वाढतो आणि पेडल जास्त खाली जातं. पुढच्या-मागच्या चाकांची वाटणी डोनरच्या जड नाकासाठी केलेली असते, ती तुमच्या गाडीत नव्याने तपासा. ओल्या, मोकळ्या जागेत, कमी वेगाने, बाहेर उभ्या माणसाला कोणतं चाक आधी अडकतं ते बघायला सांगून.

बॉडी: मूळ, साचा, पान

फायबरग्लासची बॉडी करायला आधी मूळ आकार लागतो, मग त्यावरून साचा आणि साच्यातून पानं, म्हणजे बॉडीचे तुकडे. मूळ आकार फोम, लाकूड, पुट्टी कशाचाही चालतो. पृष्ठभाग मात्र आरशासारखा हवा, कारण पॉलिश पेपरचा एक ओरखडा पुढच्या प्रत्येक गाडीवर छापला जाणार असतो. साच्यातून पान निघावं म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला दोन-तीन अंशांचा उतार द्या. आत वळलेली कड असेल तर साचा दोन तुकड्यांत करा. पत्र्याला चालणारा आकार फायबरला चालेलच असं नाही.

साच्यावर मेणाचे अनेक हात, मग जेलकोट (बाहेरून दिसणारा रंगीत रेझिनचा थर) अर्ध्या मिलिमीटरचा, मग चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचमॅटचे (काचेच्या धाग्यांच्या चटईचे) दोन थर. हाताने केलेल्या कामात मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन जातं. म्हणजे दोन थरांच्या एका चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास, जेलकोट वेगळा. बॉनेट जड का झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा उदार हाताने ओतलेल्या रेझिनमध्ये सापडतं.

माझं पहिलं बॉनेट मी स्वतः बिघडवलं. सकाळ गार होती. जेलकोटमध्ये उत्प्रेरक मोजून घातला, पण ब्रश ओढताना कोपऱ्यात थर पातळ राहिला. बोट लावलं तर चिकट लागलं, पण बोटाला रंग आला नाही, म्हणून वाळला असं समजून वर मॅट टाकली. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढलं तर कोपऱ्याचा पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा सुरकुतलेला. वरच्या रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने पातळ, अर्धकच्चा थर खाली शिरून फुगवला होता. तेव्हापासून जेलकोटची जाडी कंगव्यासारख्या दात्यांच्या मापाने तपासतो आणि खोली १८ अंशांच्या खाली असेल तर डबाच उघडत नाही. आणखी एक: पान साच्यातून लवकर ओढून काढू नका. ते बाहेर येऊन पुढचे काही दिवस आपला आकार शोधत राहतं, आणि तो तुम्हाला हवा असलेला नसतो.

पळवून बघणं

प्रोटोटाइपचे सगळे बोल्ट घट्ट केल्यावर रंगाची एक रेघ बोल्ट आणि नटवर मिळून ओढा. रेघ तुटली की बोल्ट हलला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, मग पाचशेनंतर, सगळ्या रेघा बघा. रेडिएटरला हवा आत येते तितकीच बाहेर पडायला वाट हवी; इंजिन तापतं म्हणून मोठा रेडिएटर लावणारे लोक ही वाट बघायला विसरतात. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबकळत असताना आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि महिन्याभरात फाटतात.

या काळात प्रोटोटाइपवर कानस जितक्या वेळा चालेल, तितक्या नोंदी वहीत हव्यात. ‘ब्रॅकेट दोन मिलिमीटर घासलं’, ‘भोक लांबट केलं’, ‘पाइप हाताने वाकवला’. यातली एकही नोंद चित्रात न जाता राहिली, तर ती तुमच्या गिऱ्हाइकाच्या गॅरेजमध्ये रविवारी रात्री उगवते.

आयव्हीएला पहिली गाडी स्वतः घेऊन जा. नापास झाली तर यादी मिळते, आणि ती यादी फुकट मिळालेला सल्ला आहे. कागदपत्रंही तेव्हाच नीट लावून ठेवा. जुन्या भागांची ओळख सिद्ध करता आली नाही तर गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो, आणि विकताना तो नडतो.

दुसरी गाडी

आता किट बनवायचं. जिगमधून दुसरी चासी काढा, साच्यातून दुसरी बॉडी काढा आणि सगळं पिशव्यांत भरा. पिशव्या भागांच्या प्रकाराप्रमाणे भरू नका, पायऱ्यांप्रमाणे भरा. सगळे एम-८चे बोल्ट एका डब्यात दिले तर गोदामवाल्याची सोय होते आणि बांधणाऱ्याचा बट्ट्याबोळ. ‘पायरी ७, स्टीअरिंग कॉलम’ या पिशवीत त्या पायरीचेच बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट, मोजून.

पुस्तिकेत प्रत्येक बोल्टची लांबी, कोणत्या बाजूने घालायचा आणि टॉर्क किती, हे लिहा. फोटो बांधणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. छतावरून काढलेला सुंदर फोटो त्याच्या उपयोगाचा नाही, तो गाडीखाली पाठीवर झोपलेला आहे.

मग एक माणूस शोधा. हाताला पाना धरता येतो, पण तुमच्या गाडीशी कधी संबंध आला नाही, असा. त्याला किट आणि पुस्तिका द्या, कोपऱ्यात स्टूल टाकून बसा आणि तोंड उघडू नका. आमच्याकडे आलेल्या माणसाने मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं एक ब्रॅकेट हातात घेतलं, फोटो बघितला, उलटं धरलं, पुन्हा फोटो बघितला. वीस मिनिटं तो ते फिरवत होता. शेवटी उलटंच बसवलं, आणि ते बसलंही. भोकं दोन्ही बाजूंनी सारखी होती. पुस्तिकेत ठळक अक्षरांत सूचना लिहावी, असं आमच्यातला एक जण म्हणाला. आम्ही सूचना लिहिली नाही. एक भोक चार मिलिमीटर सरकवलं, की ब्रॅकेट उलटं बसायचंच नाही. सुरक्षेशी संबंध असलेला प्रत्येक भाग असाच हवा, कारण ब्रिटनच्या १९८७ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाने इजा झाली तर बनवणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही.

पैशाबद्दल थोडंच सांगतो. जिग आणि साच्यांचा खर्च पहिल्या दहा किटवर टाकून किंमत काढा, शंभरावर नको. आणि दुसरी गाडी परक्या हातांनी उभी राहीपर्यंत कोणाची अनामत घेऊ नका. पाचव्या गिऱ्हाइकाच्या अनामतीतून पहिल्याची चासी करायची वेळ आली, की कारखाना चालू असला तरी आतून तो बंद पडलेला असतो.

प्रत्येक चासीवर क्रमांक ठोका आणि त्या क्रमांकापुढे चित्रांची कोणती आवृत्ती, पुस्तिकेची कोणती आवृत्ती, हे लिहून ठेवा. एखादा भाग परत मागवायची पाळी आली तर कोणाला फोन करायचा ते पाच मिनिटांत कळलं पाहिजे. किटसोबत पत्ता लिहिलेलं एक रिकामं पाकीटही द्या. गाडी पूर्ण झाल्यावर उरलेले सगळे नट-बोल्ट त्यात घालून परत पाठवा, एवढीच विनंती. आमच्या त्या माणसाच्या पाकिटातून तीन वॉशर आणि एक एम-१०चा बोल्ट निघाला. वॉशर आम्हीच जास्त भरले होते. बोल्ट डिफरन्शियलच्या माउंटिंगचा होता, आणि पुस्तिकेच्या त्या पानावर फोटोमध्ये माझा अंगठा आला होता.